रेंज नाही आणि कराराची मुदतही संपलेली नाही: मोबाइल कंपनी मध्येच कशी सोडायची?

प्रश्न असा आहे. पाटण तालुक्यात, ढेबेवाडी खोऱ्यात कृषी सेवा केंद्र आहे. दुकानासाठी चार पोस्टपेड नंबर एकाच खात्यावर घेतले. भाड्यात सूट मिळाली आणि त्या बदल्यात बारा महिने कंपनी सोडायची नाही, अशी अट पडली. पाच महिने झाले. जूनपासून दुकानात आणि घरात फोन लागत नाही, लागला तर मध्येच तुटतो. कंपनी म्हणते, जायचे तर जा, पण उरलेल्या सात महिन्यांचे भाडे भरून जा. काय करावे?

बाहेर पडता येते आणि नंबरही तोच राहतो. पण पैसे न गमावता बाहेर पडायचे असेल तर पोर्टचा, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याचा, मेसेज सगळ्यात शेवटी पाठवायचा. बहुतेक जण नेमके उलटे करतात. वैतागून आधी बिल भरायचे थांबवतात, मग पोर्ट करायला जातात, तिथे थकबाकी आडवी येते आणि तक्रारीचा एकही कागद हातात नसतो. बिल थांबवले की करार मोडला तो तुम्ही, असे कंपनी म्हणू शकते आणि तिची चूक बाजूला पडते. म्हणून हे काम दीड-दोन महिन्यांचे आहे असे धरून चाला आणि तेवढे दिवस बिल वेळेवर भरा. तक्रार केली म्हणून बिल माफ होत नाही.

पहिले काम म्हणजे कागद शोधणे. आपल्याकडे नुसत्या पोस्टपेड सिमला सहसा मुदतीचे बंधन नसते. बंधन येते ते कशाच्या तरी बदल्यात: भाड्यातली सूट, कंपनीमार्फत घेतलेला हँडसेट, राउटर. तेव्हा अट नेमकी कशावर आहे ते पाहा. कंपनीला ईमेल करून तीन गोष्टी मागा: तुमच्या सहीचा किंवा ओटीपीने संमती दिलेला अर्ज, योजनेच्या अटी, आणि मुदतीपूर्वी सोडल्यास किती रक्कम लागते ते सांगणारे कलम. सिम देणारा दुकानदार तोंडी काय म्हणाला होता याला दोन्ही बाजूंनी फारशी किंमत नाही. तुमची संमती असलेला कागद कंपनीला दाखवता आला नाही, तर मागणीचा पायाच ढिला होतो.

इथेच एक धोक्याची सूचना. हँडसेट हप्त्यावर घेतला असेल तर ते कर्ज बहुधा वेगळ्या वित्तसंस्थेचे असते. रेंज नाही म्हणून तो हप्ता थांबवू नका. तो करार निराळा आहे. हप्ता चुकला की दंड लागतो, सिबिलवर डाग पडतो आणि पुढे पीककर्जाच्या वेळी तोच आडवा येतो. प्रीपेडवाल्यांचा प्रश्न सोपा आहे. त्यांना कसली अट नसते, मात्र वर्षभराचा रिचार्ज मारलेला असेल तर उरलेली मुदत आणि शिल्लक नव्या कंपनीत जात नाही.

आता रेंज. “रेंज नाही” या तक्रारीला कंपनीचे ठरलेले उत्तर असते: तुमच्या हँडसेटमध्ये दोष आहे. ते आधीच खोडून काढा. तुमचे सिम दुसऱ्याच्या हँडसेटमध्ये घालून पाहा आणि दुसऱ्या कंपनीचे चालू सिम तुमच्या हँडसेटमध्ये. सेटिंगमध्ये व्होल्टी (४जीवरून कॉल करायची सोय) चालू आहे ना, ते बघा. नेटवर्क ५जी ऑटोवर असेल तर दोन दिवस ४जीवर ठेवा. ५जीचा सिग्नल काठावर असला की फोन सारखा या टॉवरवरून त्या टॉवरवर उड्या मारतो आणि कॉल तुटतात. सिम सात-आठ वर्षांचे जुने असेल तर कंपनीकडून बदलून घ्या, पण पोर्ट करायच्या आठवड्यात नको. त्याचे कारण पुढे येईल.

एवढे करूनही त्रास कायम असेल तर मोजमाप घ्या. पडद्यावरच्या काड्यांवर विसंबू नका. प्रत्येक हँडसेट त्या आपल्या हिशेबाने दाखवतो. अँड्रॉइडमध्ये सेटिंग, मग अबाउट फोन, मग सिम स्टेटस इथे सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दिसते. आकडा उणे असतो. ४जीसाठी उणे ८० ते ९० म्हणजे चांगली रेंज. उणे १०० ते ११० ला काम कसेबसे चालते. उणे ११५ च्या खाली कॉल टिकण्याची खात्री नाही. दुकानाच्या ओट्यावर उणे ९५ आणि काउंटरमागे उणे ११५ आले, तर फरक नुसता वीसचा वाटतो. पण या मापात दर दहाला ताकद दहा पटींनी घटते, म्हणजे काउंटरमागे ओट्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकाच सिग्नल पोहोचतो. पत्र्याचे छत, अर्धे ओढलेले लोखंडी शटर आणि खताच्या पोत्यांची थप्पी, तिन्ही सिग्नल खातात.

म्हणून तीन जागा ठरवा: उघड्यावर, ओट्यावर आणि आत. सकाळी ८, दुपारी २ आणि रात्री ९ ला, सलग सात दिवस, तीनही जागांचा आकडा वहीत उतरवा आणि तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा. त्याच वेळी वीज होती की नव्हती तेही लिहा. ही एक नोंद बाकी सगळ्या नोंदींना अर्थ देते.

आठवड्याच्या नोंदींवरून तीनपैकी एक रोग कळतो. वीज गेल्यावर तास-दोन तासांत रेंज जात असेल आणि वीज आल्यावर परत येत असेल, तर टॉवरची बॅटरी दमलेली आहे किंवा तिथला जनरेटर चालत नाही. पाटण, जावळी, महाबळेश्वर पट्ट्यात पावसाळ्यात हे नेहमीचे आहे. हा रोग बरा होतो, कंपनीने बॅटरी बदलली की झाले. आकडा चांगला पण रात्री ८ ते ११ नेट ठप्प आणि कॉल लागत नाही, तर टॉवरवर माणसे जास्त झाली आहेत. कास-यवतेश्वर भागात फुलांच्या हंगामातल्या रविवारी हेच होते. तेही सुधारता येते, पण कंपनीची इच्छा असेल तर. आणि उघड्यावरही दिवसरात्र उणे ११० च्या खालीच आकडा, तर टॉवर आणि तुमच्यामध्ये डोंगराची सोंड आहे. हा रोग तक्रारीने बरा होत नाही, नवा टॉवर उभा राहिला तरच. असे असेल तर रेंगाळू नका, बाहेर पडायच्या तयारीला लागा.

उघड्यावर आकडा चांगला आणि फक्त आतच वाईट असेल, तर करार मोडायची तुमची बाजू लंगडी आहे, हे स्पष्ट सांगायला हवे. अशा वेळी दुकानात ब्रॉडबँड असेल तर वाय-फाय कॉलिंग चालू करा. बाजारात मिळणारा बूस्टर मात्र छतावर लावू नका. परवानगीशिवाय तो लावणे बेकायदेशीर आहे आणि त्याने आजूबाजूच्यांची रेंजही बिघडते.

सांगलीकडच्या वाचकांसाठी एक गोष्ट. जत तालुक्याच्या सीमेवरच्या गावांत फोन कित्येकदा कर्नाटक सर्कलचा (दूरसंचार सेवेच्या कर्नाटक विभागाचा) टॉवर धरतो. तुमचा करार महाराष्ट्र सर्कलचा आहे. नेटवर्क आपोआप न निवडता हाताने निवडून, महाराष्ट्राच्या टॉवरवर काय आकडा येतो ते वेगळे नोंदवा. नाहीतर कंपनी म्हणेल, आमच्या नोंदीत तुम्ही रोमिंगवर होता, तक्रार कसली?

आणखी एक पुरावा, जो बहुतेकांच्या ध्यानात येत नाही: कंपनीच्या संकेतस्थळावरचा कव्हरेज नकाशा. त्यात तुमचे गाव ४जीच्या रंगात दाखवले असेल तर तारखेसह त्याचा स्क्रीनशॉट आजच घ्या. नकाशात रेंज आहे आणि जमिनीवर उणे ११८ आहे, हे दोन कागद शेजारी ठेवले की फार काही बोलावे लागत नाही. उलट नकाशातच तुमचे खोरे कोरे असेल, तर कंपनी म्हणेल की आम्ही कबूल केलेच नव्हते. तेव्हा सिम देताना “इथे रेंज आहे” असे लिहून आलेला मेसेज किंवा ईमेल असेल तर तो शोधा.

आता तक्रार. त्याच कंपनीच्या नंबरवरून १९८ ला फोन करा. हा फोन मोफत आहे. १२१ हा माहितीचा नंबर आहे, तिथे बोललेले तक्रार म्हणून धरले जात नाही आणि इथेच खूप जणांचा महिना वाया जातो. तक्रार नोंदली की डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) मिळालाच पाहिजे. चारही नंबरांसाठी वेगळी तक्रार नोंदवा. बोलताना “नेटवर्क खराब आहे” एवढ्यावर थांबू नका. गाव, तालुका, पिनकोड, जागा, आकडा, केव्हापासून, हे सांगा. काही दिवसांत “तक्रार निकाली काढली” असा मेसेज येईल आणि रेंज तशीच असेल. त्याने खचू नका, तो मेसेज जपून ठेवा. काहीही न करता तक्रार बंद केली, याचा तो कंपनीने स्वतःच दिलेला पुरावा आहे.

त्यानंतर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे अपील करा. तक्रार सोडवण्याची मुदत संपल्यापासून ३० दिवसांच्या आत, ईमेलने किंवा अॅपवरून. फी नाही. अपिलाचा निर्णय ३९ दिवसांत द्यावा लागतो. ट्रायला (दूरसंचार नियामक प्राधिकरणाला) पत्र पाठवण्यात वेळ घालवू नका, ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार हाताळत नाही. दूरसंचार विभागाचा तक्रार कक्ष मात्र आहे, केंद्राच्या पीजी पोर्टलवर तिथे तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंद करून ठेवा. या दोन ठिकाणांहून विचारणा गेली की कंपनीतल्या वरच्या माणसाच्या टेबलावर फाइल येते आणि कधीकधी मुदतीआधी सुटण्याची रक्कम तिथेच माफ होते.

या टप्प्यावर कंपनीला एक पत्र लिहा. ईमेलही करा आणि स्पीड पोस्टने, पोहोच मिळेल अशा पद्धतीनेही पाठवा. लांबण लावू नका. मजकूर साधारण असा:

“खाते क्रमांक अमुक, नंबर चार. दि. अमुकपासून मौजे अमुक, ता. पाटण येथे आपली सेवा वापरण्याजोगी राहिलेली नाही. सात दिवसांचे मोजमाप सोबत जोडले आहे. उघड्यावर सरासरी उणे ११६ डीबीएम. डॉकेट क्रमांक अमुक, अमुक. तक्रारी दुरुस्ती न करता बंद केल्या. आपल्या नकाशात हे गाव ४जी सेवेत दाखवले आहे. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत सेवा सुरळीत करावी, अथवा मुदतपूर्व समाप्तीची कोणतीही रक्कम न लावता खाते मोकळे करावे. देय बिले आजपर्यंत भरलेली आहेत. माझे सर्व कायदेशीर हक्क राखून हे पत्र देत आहे.”

“देय बिले भरलेली आहेत” हे वाक्य गाळू नका. सगळ्या पत्राचे वजन त्या वाक्यावर आहे.

हे पत्र गेल्यावर बहुधा फोन येतो: भाड्यात आणखी सूट देतो, महिनाभर थांबा, टॉवर मंजूर आहे. सूट घेतल्याने डोंगर हलत नाही. शिवाय नवी सूट स्वीकारली की बारा महिने पुन्हा पहिल्यापासून मोजले जाण्याची भीती असते. टॉवर येणार असेल तर तारीख लिहून मागा. लिहून देत नसतील तर उत्तर मिळाले, असे समजा.

आता पैशांचा हिशेब. समजा एका नंबरचे भाडे महिना ४०० रुपये आणि सूट १०० रुपये होती. कंपनी मागते ४०० गुणिले ४ नंबर गुणिले ७ महिने, म्हणजे ११,२०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. पण तुम्ही घेतलेला फायदा किती? १०० गुणिले ४ गुणिले ५, म्हणजे २,००० रुपये. भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम ७४ सांगते की करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, लिहिलेली रक्कम ही फक्त वरची मर्यादा. उरलेले सात महिने कंपनी तुम्हाला कसलीच सेवा देणार नाही, मग पूर्ण भाडे कशाचे? फार तर दिलेली सूट परत मागता येईल. आणि सेवा देण्यात कंपनीच चुकली हे तुमच्या कागदांवरून दिसत असेल, तर तीही द्यायचे कारण नाही. बोलणी ११,२०० वरून सुरू करू नका, शून्यापासून करा. २,००० वर मिटत असेल तर दुकानाचा खोळंबा लक्षात घेता मिटवणे शहाणपणाचे आहे.

कुठल्याही परिस्थितीत सुटण्याची रक्कम भरावी लागली, तर “हक्क राखून, निषेधासह भरत आहे” असे ईमेलने आधी कळवा आणि मग भरा. नंतर ती परत मागायची वाट खुली राहते.

याच काळात नवी कंपनी पारखून घ्या. चारही नंबर एकदम उचलून नेऊ नका. शेजारच्या टॉवरच्या कंपनीचे एक प्रीपेड सिम महिनाभरासाठी घ्या आणि त्याच तीन जागांवर, त्याच तीन वेळांना मोजा. पोर्ट केल्यावर ९० दिवस पुन्हा पोर्ट करता येत नाही, म्हणजे चुकीची निवड झाली तर तीन महिने अडकलात. बीएसएनएलकडे जायचा विचार असेल तर हँडसेट तपासा. त्यांचे ४जी ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर चालते. डोंगराळ भागात ७०० ची लाट लांब जाते आणि भिंतीतूनही बरी शिरते, पण हँडसेटमध्ये बँड २८ (७०० ची लाट पकडायची सोय) नसेल तर तिचा उपयोग शून्य.

आता पोर्ट. मेसेजमध्ये इंग्रजी कॅपिटल अक्षरांत पोर्ट लिहा, एक जागा सोडा, दहा आकडी नंबर लिहा आणि १९०० ला पाठवा. रेंजमध्ये जाऊन पाठवा, हे वेगळे सांगायला नको. रिचार्ज कितीही कमी रकमेचा असला तरी हा मेसेज जायलाच हवा. तुम्ही पात्र असाल तर आठ अक्षरांचा यूपीसी कोड येतो. आपल्या सर्कलमध्ये तो चार दिवस चालतो. पात्र नसाल तर कारण कळवणारा मेसेज येतो. नेहमीची कारणे अशी: नंबर घेऊन ९० दिवस झालेले नाहीत, निघालेले बिल थकले आहे, गेल्या सात दिवसांत सिम बदलले आहे, नंबरचे नावांतर चालू आहे, किंवा कराराची अट शिल्लक आहे. जुने सिम बदलायचे तर पोर्टच्या आठवड्यात नको म्हटले ते या सात दिवसांमुळे. थकबाकीच्या बाबतीत हे ध्यानात ठेवा की निघालेले बिल भरलेले असले की पुरे. अजून न निघालेल्या बिलासाठी अडवता येत नाही.

“कराराची अट” हे कारण आले तर तो मेसेज पत्राला जोडून पुन्हा पाठवा आणि अपिलात मांडा. घाई असेल तर वर सांगितल्याप्रमाणे निषेध नोंदवून रक्कम भरा आणि नंबर सोडवून घ्या.

कोड आला की आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा. नंबर ज्याच्या नावावर आहे त्यानेच जायचे. गावाकडे सिम वडिलांच्या, भावाच्या, कधी विकणाऱ्याच्याच नावावर निघते आणि पोर्ट तिथेच फसते. आपल्या नावावर कोणते नंबर आहेत ते संचार साथी पोर्टलवर आधी बघा. चार नंबर दुकानाच्या किंवा फर्मच्या नावावर असतील तर अधिकृत सही करणाऱ्याचे पत्र लागते. एकाच पत्रावर सगळे नंबर चालतात. स्वतःच्या नावावरच्या नंबराला सर्कलच्या आत तीन कामाचे दिवस लागतात, फर्मच्या नावावरच्याला पाच. मुंबई हे वेगळे सर्कल आहे, तिथे न्यायचा नंबर असेल तर पाच. मन बदलले तर अर्ज दिल्यापासून २४ तासांत, पोर्टच्या जागी कॅन्सल लिहून, १९०० लाच मेसेज करायचा.

कंपनी अजिबात ऐकत नसेल तर सातारा जिल्हा ग्राहक आयोग. दूरसंचार कंपन्या पूर्वी टेलिग्राफ कायद्याचे कलम ७ब पुढे करून ग्राहक न्यायालयातून सुटायच्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वाट बंद केली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचे कार्यालय कुठे का असेना. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. ई-जागृती पोर्टलवर घरून दाखल करता येते आणि सुनावणी व्हिडिओवर मागता येते. स्क्रीनशॉटच्या छापील प्रतींना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे) प्रमाणपत्र जोडा.

दोन गोष्टींत तक्रारी अडकतात. एक, कंपनी म्हणेल की नंबर व्यापारासाठी घेतले, तुम्ही ग्राहकच नाही. म्हणून तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहा की दुकान तुम्ही स्वतः चालवता आणि ते तुमच्या उपजीविकेसाठी आहे. कायद्यात अशा स्वयंरोजगाराला सूट आहे. दोन, “हा करारच अन्यायकारक ठरवा” अशी मागणी जिल्हा आयोगात करू नका. अन्यायकारक कराराची तक्रार राज्य आयोगाकडे जाते. जिल्ह्यात मागायचे ते सेवेतील त्रुटीबद्दल: सुटण्याची रक्कम रद्द, भरली असल्यास परत, सेवा नसलेल्या महिन्यांचे भाडे आणि खर्च.

नव्या नियमांत सेवा खंडित झाल्यास भाडे परत मिळते असे बरेच जण ऐकून असतात. ती तरतूद जिल्हा पातळीवर २४ तासांहून जास्त सेवा बंद राहिली तर लागू होते आणि नैसर्गिक आपत्ती त्यातून वगळली आहे. तुमच्या खोऱ्यातला एक टॉवर बंद पडला, किंवा कृष्णेला पूर आल्याने सांगलीत सेवा गेली, तर त्या तरतुदीवर भिस्त ठेवू नका.

नंबर नव्या कंपनीत चालू झाल्यावर यूपीआय आणि बँकेची अॅप्स नव्या सिमवर पुन्हा जोडावी लागतात. म्हणून पोर्टचा दिवस हप्त्याच्या किंवा मोठ्या पेमेंटच्या दिवशी येऊ देऊ नका. जुन्या कंपनीचे ऑटोपे बँकेतून बंद करा, पण अंतिम बिल आल्यावरच. ते बिल बारकाईने वाचा, सुटण्याची रक्कम “इतर आकार” अशा नावाखाली दडलेली असू शकते. वाद नसलेला भाग भरा, वाद असलेला लेखी कळवा. हे बिल तसेच सोडून दिले तर जुनी कंपनी नव्या कंपनीकरवी तुमचा नंबर बंद करायला लावू शकते. सगळे मिटले की “देणे बाकी नाही” असे पत्र मागून घ्या, अनामत भरली असेल तर ती परत केल्याचा उल्लेख त्यात आहे का ते बघा, आणि डॉकेट नंबरांच्या वहीसोबत ते जपून ठेवा.